वाड्यावरच्या छोट्या अनुदानाची योजना कशी चालवावी

चवथ सरली की गोव्यात गावोगावच्या सार्वजनिक गणेशोत्सव समित्यांच्या खात्यावर थोडीफार शिल्लक राहते. ती पुढच्या वर्षीच्या मखराला जाते, नाहीतर तशीच पडून असते. त्याच गावात दोन वाड्यांपलीकडे (वाडा म्हणजे गावातली वस्ती) नवी इमारत झालेली असते आणि तिथल्या बिऱ्हाडांची नावे वाड्यावर कुणाला माहीत नसतात. जुन्या घरांपैकी काहींना वर्षभर कुलूप, काहींत एकटी म्हातारी माणसे. अशा ठिकाणी पाच-दहा हजार रुपये नीट वापरले तर पन्नास माणसे महिनाभर एकमेकांना भेटत राहतात. हेच पैसे एका रात्रीच्या मंडप-माईकवर गेले तर सकाळी फक्त खुर्च्या परत करायच्या उरतात.

म्हणून योजनेचा पहिला नियम आधीच ठरवून टाकावा: पैसे पुन्हापुन्हा भेटण्यासाठी द्यायचे, एकदाच्या सोहळ्यासाठी नाही. एकाच दिवसाचा कार्यक्रम असलेला अर्ज थेट नाकारू नये, पण त्याआधीच्या चार भेटी अर्जात दिसल्या पाहिजेत.

एक लाखाची विभागणी

पहिल्या वर्षी एक लाखाच्या वर जाऊ नये. एवढ्या रकमेचा हिशेब एक माणूस वहीत ठेवू शकतो. विभागणी अशी करता येईल:

- लहान अनुदाने: प्रत्येकी ३,००० रुपयांची ६, म्हणजे १८,०००
- मध्यम अनुदाने: प्रत्येकी १०,००० रुपयांची ५, म्हणजे ५०,०००
- ज्यांचे काम चांगले चालले त्यांना पुढचा हात म्हणून: १२,०००
- माहितीच्या बैठका, झेरॉक्स, हिशेबनीस: ८,०००
- राखीव: १२,०००

तीन हजारांची अनुदाने सर्वांत मोलाची, आणि नेमकी तीच कापायचा मोह होतो. तीन हजारांचा अर्ज करायला ज्या बाईला धीर होतो, ती दहा हजारांच्या अर्जाजवळही फिरकत नाही. पहिल्या वर्षी तीन हजार सांभाळणारा गट दुसऱ्या वर्षी दहा हजारांचे काम बिनघोर करतो. सुरुवातीलाच वीस-पंचवीस हजारांचा वाटा ठेवला, तर ज्यांना अर्ज लिहायची सवय आहे तेच चारजण पुढे येतात.

पैसे कुणाच्या खात्यात

इथे घाई केली तर योजना वर्षभरात भांडणात संपते. खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा क्यूआर कोड पसऱ्यावर (गावातल्या दुकानात) चिकटवू नये, चार दिवसांसाठीसुद्धा नाही. माणूस कितीही सरळ असला तरी त्याचे घरखर्चाचे पैसे आणि गावाचे पैसे एकत्र झाले की हिशेब कुणालाच दाखवता येत नाही, आणि त्या रकमेबद्दल आयकर खात्याला उत्तर त्यालाच द्यावे लागते.

गावात सोसायटी नोंदणी कायदा १८६० खाली नोंदलेले एखादे मंडळ, वाचनालय किंवा क्लब असतोच. त्याच्या कार्यकारिणीकडून ठराव करून घ्यावा आणि त्याच्याच पॅनवर स्वतंत्र बचत खाते उघडावे. तिघांच्या सह्या नोंदवाव्यात, त्यांतल्या कुठल्याही दोन लागतील असे ठरवावे. नवी संस्था नोंदवायची तर किमान ७ सभासद लागतात, नियमावली लागते आणि दरवर्षी कार्यकारिणीची यादी निबंधकाकडे द्यावी लागते. एक लाखाच्या योजनेसाठी एवढा व्याप पहिल्याच वर्षी करू नये.

परदेशातल्या गावकऱ्यांकडून मदत घेताना गोव्यात एक चूक हमखास होते. लंडनला किंवा लिस्बनला असलेला आपला माणूस भारतीय पासपोर्टवर असेल, तर त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी साधी देणगी असते. त्याने पोर्तुगीज किंवा ब्रिटिश नागरिकत्व घेतले असेल, तर कायद्याच्या नजरेत ती विदेशी देणगी होते. त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारे) असले किंवा त्याने चवथीला घरी येऊन रुपयांत दिली, तरी फरक पडत नाही. एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला ती स्वीकारता येत नाही. तेव्हा देणगी घेण्यापूर्वी पासपोर्ट कुठला ते सरळ विचारावे. त्यात अवघडण्यासारखे काही नाही. तो गावी येतो तेव्हा त्याचा वेळ, त्याची गाण्याची आठवण, त्याच्या घराचे अंगण हे सगळे मोकळेपणी घेता येते.

कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी मागायचा असेल तर तो घेणाऱ्या संस्थेने सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणी केलेली असावी लागते, आणि त्यासाठी आयकर कायद्याखालच्या करसवलतीच्या नोंदण्या (१२ए व ८०जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या) हव्यात. वाड्यावरच्या मंडळाकडे या सहसा नसतात. अशा वेळी तालुक्यातल्या पात्र संस्थेमार्फत जावे. कला आणि संस्कृती संचालनालयाच्या अर्थसाहाय्य योजनाही नोंदणीकृत संस्थांसाठी असतात. ते पैसे आले तर त्यांचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवावा, कारण त्यांच्या अटी वेगळ्या असतात.

निवडीला कोण बसणार

पाच माणसे पुरतात. सरपंच, मंडळाचा अध्यक्ष, देवस्थानचा पदाधिकारी, शाळेचे मुख्याध्यापक अशी मानाची समिती केली तर तिच्यासमोर भाड्याने राहणारा माणूस तोंड उघडत नाही. त्यापेक्षा एक स्वयंसाहाय्य गटातली बाई, एक पंचविशीच्या आतला, एक भाडेकरू, एक अशी व्यक्ती जिला गावातली जुनी घरे ठाऊक आहेत, आणि एक शेजारच्या गावातली. शेजारच्या गावातले माणूस फार उपयोगी पडते. ‘त्याच्या बापाने आमच्या बापाला’ या गोष्टी त्याला माहीत नसतात.

स्वतःच्या घरातला किंवा स्वतःच्या गटाचा अर्ज आला की त्या सदस्याने खोलीबाहेर जायचे, आणि तो बाहेर गेल्याची नोंद वहीत करायची. छोट्या गावात सगळेच नातेवाईक निघतात. म्हणून ‘घरातला’ म्हणजे एका चुलीवर जेवणारा, अशी व्याख्या आधीच लिहून ठेवावी.

अर्ज: एक पान, पाच प्रश्न

१. काय करणार?
२. किती वेळा भेटणार, कुठे, कधी?
३. आज एकमेकांना न ओळखणारी कोण माणसे यात एकत्र येतील?
४. किती पैसे, कशाकशाला?
५. जबाबदार दोन व्यक्ती कोण? (एकाच घरातल्या नकोत.)

यापलीकडे काहीही विचारू नये. संस्थेची उद्दिष्टे, मागच्या तीन वर्षांचा अहवाल, शिफारसपत्र यांतले काही मागितले की निम्मे अर्ज घरीच राहतात.

अर्ज मराठीत, कोंकणीत (देवनागरी किंवा रोमी), हिंदीत, कन्नडमध्ये, कुठल्याही भाषेत घ्यावा. तोंडी अर्जसुद्धा घ्यावा: समितीतल्या कुणीतरी ऐकून पान भरायचे, वाचून दाखवायचे, सही किंवा अंगठा घ्यायचा. व्हॉट्सॲपवर जाहिरात टाकून थांबू नये. गटात जे नाहीत तेच या योजनेत हवे आहेत. कागद पसऱ्यावर, पोदेराकडे (पाववाल्याकडे), रेशन दुकानात, फेरीधक्क्यावर, कपेलाच्या (छोट्या चर्चच्या) आणि देवळाच्या फलकावर लावावा. इमारतीच्या रखवालदाराकडे द्यावा. शिवाय दोन संध्याकाळी चहा ठेवून माहितीची बैठक घ्यावी: एक जुन्या वाड्यावर, एक भाडेकरूंच्या खोल्यांजवळ.

वर्षातून दोन फेऱ्या कराव्यात. पहिली जूनमध्ये, म्हणजे चवथीपूर्वीचे आठवडे हाती लागतात. दुसरी दिवाळीनंतर. त्यात धालो (बायकांचा गाण्या-नाचाचा उत्सव), उत्सवी नाटकाच्या तालमी आणि एप्रिल-मेमध्ये पाणी तळाला गेल्यावर करायची तळीची साफसफाई असे सगळे बसते. मार्चमध्ये फेरी ठेवू नये. शिगमो, परीक्षा आणि ख्रिस्ती घरांतला उपवासाचा काळ हे सगळे तेव्हा एकावर एक येते.

अंदाजपत्रक कसे वाचावे

समजा, चवथीच्या फुगडीसाठी पंचवीस बायकांच्या गटाचा १०,००० रुपयांचा अर्ज आला. पहिल्या मसुद्यात बहुतेक वेळा एकच ओळ असते: एकसारख्या साड्या, २५ × ४०० = १०,०००. साडी नेसून एक फुगडी होते, फोटो निघतो, आणि ज्या बायका पूर्वीपासून एकमेकींना ओळखत होत्या त्याच पंचवीसजणी त्यात असतात. हा अर्ज फेकू नये, परतही पाठवू नये. समितीतल्या एकीने त्यांच्यासोबत अर्धा तास बसून तो पुन्हा मांडावा:

- सहा रविवार, शाळेच्या खोलीत, चहा-फोव (पोहे): २५ × ३० × ६ = ४,५००
- खोलीची साफसफाई आणि वीज: ३०० × ६ = १,८००
- वयस्क बायकांना आणायला-सोडायला रिक्षा: २०० × ६ = १,२००
- मोठ्या चटया: ४ × ५०० = २,०००
- गाण्यांच्या झेरॉक्स: ५००

एकूण तेच १०,०००. भाव आपापल्या बाजारातले घ्यावेत, मांडणी हीच ठेवावी. यात रिक्षाची ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. फुगडीची जुनी गाणी ज्या आजीला पाठ आहेत, ती पावसात चिखलातून चालत येऊ शकत नाही. ती आली नाही तर मुली मोबाइलवरची गाणी म्हणतात. इमारतीतल्या नवख्या बाईला गाणे येत नाही, म्हणून झेरॉक्स. तान्हे मूल घेऊन येणारीला बसायला कोरडी जागा हवी, म्हणून चटया. प्रत्येक ओळीने कुणाच्या ना कुणाच्या वाटेतला एक अडथळा काढलेला आहे, आणि अंदाजपत्रक तपासण्याची खूण हीच: ही ओळ काढली तर कोण यायचे थांबेल? कुणीच थांबत नसेल तर ती ओळ नको. साडी ज्यांना घ्यायची त्यांनी आपली घ्यावी.

हाच हिशेब दुसऱ्या कामांना लावून पाहावा. उत्सवी नाटकाच्या अर्जात पडदे, रंगभूषा, ध्वनियंत्रणा यांचे भाडे असते. ते उत्सव समितीच्या वर्गणीतून होऊ द्यावे. अनुदान तालमींना द्यावे: दिवे, चहा, आणि ज्यांना मराठी वाचता येत नाही अशा पोरांना संवाद शिकवायला बसणाऱ्याचे मानधन. भाडेकरूंच्या खोल्यांतला एक पोरगा शिपायाची दोन वाक्ये म्हणायला महिनाभर तालमीला आला, तर पुढच्या उत्सवात तो पाहुणा राहत नाही.

घुमट (कातडे चढवलेले मातीचे वाद्य) शिकवायच्या वर्गाचा अर्ज असेल तर कातडे कुठले ते अर्जात लिहून घ्यावे. पूर्वी घोरपडीचे चढवत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मुळे ते चालत नाही, बकऱ्याचे हवे. मातीचे भांडे शिकणाऱ्यांच्या हातून फुटते, तेव्हा सहा घुमट हवे असतील तर दोन जादा धरावेत. शामेळ (ढोल) आणि कासाळे (झांज) मात्र उसने मिळतात, त्याला पैसे देऊ नयेत.

माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-वेलींच्या) वस्तू ओळखायची फेरी हा तीन हजारांत बसणारा सुरेख उपक्रम आहे. गावातली जाणती माणसे मुलांना आणि नव्या बिऱ्हाडांना घेऊन चवथीआधी तीन सकाळी डोंगराच्या कडेने फिरतात आणि कुठले फळ, कुठली वेल ते दाखवतात. खर्च चहा, प्रथमोपचाराची पेटी, पट्ट्या आणि दोरी एवढाच. फळे तोडायची ती जमिनीच्या मालकाला विचारूनच, आणि वेल मुळापासून ओढायची नाही. अभयारण्याच्या हद्दीत जायचेच नाही.

निवड

शंभर गुणांचा तक्ता करू नये. प्रत्येक अर्जाला तीन प्रश्न पुरे: माणसे किमान चार वेळा भेटतात का? एरवी न भेटणारी माणसे भेटतात का? पैसे संपल्यावर यातले काही टिकते का? तिन्हींना ‘होय’ असेल तर मंजूर. दोनांना असेल तर अर्जदाराशी बोलून सुधारावा. अर्ज जास्त आले तर ज्यांना आजवर कधीच काही मिळाले नाही ते आधी.

निर्णय एकाच बैठकीत करावा, ७ दिवसांत कळवावा, पुढच्या १० दिवसांत पैसे द्यावेत. नकार देताना कारण तोंडावर सांगावे आणि पुढच्या फेरीला ये म्हणावे. गावात न सांगितलेल्या नकाराचे वैर होते.

कशाला पैसे द्यायचे नाहीत ते फलकावर लिहावे: शाल-श्रीफळ आणि स्मृतिचिन्हे, टी-शर्ट, फटाके, दारू, कुणाही राजकारण्याचा फोटो असलेला फलक. शेवटची अट निवडणुकीच्या वर्षी फार जपावी लागते. एका पक्षाचा फलक लागला की गावातला दुसरा अर्धा भाग त्या उपक्रमाला येत नाही, आणि तो पुढच्या वर्षीही येत नाही.

जागा, आवाज, खाणे

सगळ्यांना आणायचे असेल तर जागा सगळ्यांना मोकळेपणी शिरता येईल अशीच हवी: शाळा, पंचायतीचे सभागृह, वाचनालय, मैदान, वडाचा पार. देवळाचा मंडप किंवा कपेलाचे सभागृह फुकट मिळते म्हणून घेतले, की काही माणसे न बोलता गैरहजर राहतात. मांडावर (गावाच्या लोकनृत्य-गाण्यांच्या पवित्र जागेवर) काही करायचे असेल तर ज्यांचा मान आहे त्यांना आधी जाऊन भेटावे, पानाचा विडा-सुपारी घेऊन. हा उपचार वगळून केलेले चांगले कामसुद्धा मांडावर उभे राहत नाही. जमीन कोमुनिदादीची (गावाची जमीन सांभाळणाऱ्या जुन्या गावकरी संस्थेची) असेल तर लेखी संमती घ्यावी, आणि सरकारी शाळा हवी असेल तर मुख्याध्यापकांच्या तोंडी होकारावर न थांबता शिक्षण खात्याचा कागद घ्यावा.

साठ माणसांपर्यंत माईक लावू नये. माईक आला की एक बोलतो आणि बाकीचे ऐकतात. शिवाय ध्वनिक्षेपकाला परवानगी लागते, आणि ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ तो लावता येत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत वीज जाणार हे धरूनच चालावे. चार्जिंगचे दोन दिवे अंदाजपत्रकात असू द्यावेत.

खाण्यावरून बऱ्याच चांगल्या गोष्टी बिनसतात. श्रावणात काही घरांत मासे नसतात, काही घरांत त्यांच्याशिवाय जेवण होत नाही. पातळभाजी-पाव हा गोव्यात सर्वांना चालणारा तोडगा आहे: शाकाहारी, स्वस्त, उभ्याने खाता येतो, आणि कुणाच्याही घरच्या पातेल्यात होतो. एकाच घरावर भार टाकू नये. दर भेटीला वेगळ्या दोन घरांनी मिळून करावी, एक जुने घर आणि एक नवे. पातेल्याजवळ ज्या गप्पा होतात त्या बैठकीत होत नाहीत.

पैसे देणे आणि हिशेब

लहान अनुदान पूर्ण आगाऊ द्यावे. ‘आधी खर्च करा, बिले आणा, मग देऊ’ ही पद्धत सरकारी वाटते म्हणून सुरक्षित भासते, पण तिने खिशात पैसे असलेलीच माणसे उरतात. मध्यम अनुदानाचे ७,००० आधी, आणि दोन भेटी झाल्यावर हजेरीची वही पाहून उरलेले ३,०००. पैसे शक्यतो जबाबदार व्यक्तीच्या बँक खात्यात द्यावेत आणि दुसऱ्या जबाबदार व्यक्तीची पोचपावतीवर सही घ्यावी.

फुलकार, रिक्षावाला, फोव विकणारी बाई यांच्याकडे छापील बिल नसते. त्यासाठी साध्या व्हाउचरचा गठ्ठा गटालाच द्यावा: तारीख, रक्कम, कशासाठी, घेणाऱ्याचे नाव, सही किंवा अंगठा. ५,००० रुपयांवरच्या रोख पावतीवर एक रुपयाचे रेव्हेन्यू स्टॅम्प लावावे. पाचशेच्या आतल्या खर्चावरून कुणाला फेऱ्या मारायला लावू नयेत. रक्कम एका ओळीतून दुसऱ्या ओळीत न्यायची मुभा एक हजारापर्यंत न विचारता असावी, त्यावर एक फोन करावा. पाऊस लागून रिक्षा जास्त लागली आणि झेरॉक्स कमी, यात गैर काही नाही.

काम संपल्यावर ३० दिवसांत एक पानाचा हिशेब घ्यावा आणि तो जिथे जाहिरात लावली होती तिथेच लावावा. आकडे न लपवता: आले किती, गेले किती, उरले किती. सगळ्या गटांचे हिशेब एकाच फलकावर शेजारीशेजारी आले की प्रश्न विचारायला कुणाच्या घरी जावे लागत नाही.

काय मोजायचे

फोटोत किती डोकी आहेत यावरून काही कळत नाही. प्रत्येक भेटीला एक वही फिरवावी. तिच्यात तीनच रकाने: नाव, राहता कुठे, कुणाबरोबर आलात. मग वही उघडून दोन गोष्टी पाहाव्यात. तिसऱ्या भेटीला परत आलेले किती? आणि ‘कुणाबरोबर’ या रकान्यात दुसऱ्या वाड्यावरचे नाव कितींनी लिहिले? पहिला आकडा पडत असेल तर बहुधा वेळ चुकली आहे किंवा एकच माणूस बोलत सुटतो आहे. दुसरा आकडा शून्यावर असेल तर आधीचाच गट अनुदानावर चहा पितो आहे. हे तिसऱ्या भेटीनंतर लगेच पाहिले तर सुधारता येते, शेवटी पाहिले तर फक्त अहवालात लिहिता येते. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नयेत.

उरलेल्या वस्तू

चटया, किटली, दिवे, जादा घुमट कुणाच्या तरी माळ्यावर जातात आणि पुढच्या गटाला पुन्हा विकत घ्याव्या लागतात. अनुदानाच्या कागदावरच लिहावे की वस्तू योजनेच्या, वापर गटाचा. प्रत्येक वस्तूवर रंगाने क्रमांक घालावा, यादी वहीत ठेवावी, आणि सगळे एका जागी ठेवावे: वाचनालयाच्या खोलीत किंवा पसऱ्याच्या मागच्या खणात. किल्ली दोघांकडे. नेणाऱ्याने सही करून न्यायचे, पाच दिवसांत आणून द्यायचे. पावसाळ्यात चटयांना बुरशी येते, म्हणून त्या जमिनीवर न ठेवता फळीवर उभ्या ठेवाव्यात आणि चवथीच्या पंधरा दिवस आधी एक उन्हाचा दिवस साधून बाहेर काढाव्यात.